देवाकडे अप्रेझल नसतं

अप्रेझलच्या सीझनमध्ये मला एक विचित्र भीती वाटते. आठवडाभर प्रार्थना राहिली की वाटतं, देवानेही आपलं रेटिंग खाली आणलं असणार. तुमचंही होतं का असं?

पंडिता रमाबाईंचं बघा. 1883 मध्ये इंग्लंडला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे शारदा सदन काढलं, विधवांसाठी राबल्या. तरी जवळपास आठ वर्षं मनाला शांती नव्हती. धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. मग उमगलं, की तारण कमवायचं नसतं, नुसतं घ्यायचं असतं.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातला क्रम बघा. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, सुधारल्यावर नाही. म्हणजे प्रेम केलं तेव्हाच आपला स्कोअर शून्य होता. मग आता कुठल्या स्कोअरवरून ते काढून घेणार?

‘मग वाट्टेल तसं वागायचं का?’ हा मेसेज येणारच! अहो, 1897 च्या दुष्काळातल्या शेकडो मुलींना रमाबाईंनी केडगावला आसरा दिला, तो ही खात्री पटल्यानंतर.

काल रात्री मी प्रार्थना न करताच झोपलो. आज सकाळी माफीचं लांबलचक भाषण तयार न करता सरळ बोलायला बसलो.