चांदीवर कोण बसले? (लेखांक ७)

मागच्या लेखांकात रामन विकिरण पाहिले. लेसरचा प्रकाश रेणूवरून विखुरताना त्यातल्या अगदी थोड्याचा रंग बदलतो आणि त्या बदलावरून रेणू ओळखू येतो. अडचण अशी की हे थोडे म्हणजे फारच थोडे, ढोबळमानाने कोटीभर प्रकाशकणांत एखादा.

१९७४ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी खरखरीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीनचे रेणू बसवले. संकेत अनपेक्षित ठळक आला. खरखरीतपणामुळे रेणू जास्त मावले असतील, असे त्यांना वाटले. १९७७ मध्ये अमेरिकेत जानमेअर आणि व्हॅन डाइन यांनी हिशेब मांडला, तर वाढ लाखांच्या पटीत निघाली. नुसत्या वाढीव जागेने ती होणे शक्य नव्हते. चांदीतले इलेक्ट्रॉन लेसरच्या तालावर एकदम हेलकावतात आणि धातूलगत प्रकाशाचे क्षेत्र कमालीचे तीव्र होते. लगत म्हणजे काही नॅनोमीटर. त्यापलीकडचा रेणू असून नसल्यासारखा.

तेव्हा लेसर कितीही चांगला असला, तरी चांदीला जे चिकटले तेच दिसणार. आणि निदानासाठी त्यावर रक्त टाकले, तर त्यातून काय चिकटेल, हे आपल्या हातात नसते.

रक्तद्रव लागला की पृष्ठभाग क्षणात प्रथिनांनी झाकला जातो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसे अल्ब्युमिन आधी बसते. ते लहान, आणि संख्येने सर्वांत जास्त. मग रिझर्व्हेशनवाल्याच्या थाटात अवजड फायब्रिनोजेन येते आणि त्याला उठवते. काचेवर फायब्रिनोजेनलाही उठवणारे किनिनोजेन असते. ही उठाबशी लिओ व्ह्रोमन यांनी १९६०च्या दशकात उकलली. हे गृहस्थ डच भाषेतले नावाजलेले कवीही होते! पाणी न धरणाऱ्या पृष्ठभागावर मात्र एकदा बसलेले सहसा उठत नाही. प्रथिन तिथे पसरते, त्याची घडी उलगडते. घडी बदलली की वर्णपटही बदलतो: सर्पिल घडीचा पट्टा १६५५ प्रति सेंटीमीटरच्या आसपास, पत्र्यासारख्या घडीचा १६७०कडे.

आता निदानाकडे. प्रोस्टेट कॅन्सरच्या तपासणीतल्या पीएसए या प्रथिनाची रक्तातली नेहमीची मर्यादा मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅम. त्याच मिलिलिटरात अल्ब्युमिन सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजे कोटीपट. मोकळ्या चांदीवर पीएसएला जागा मिळणार कशी? म्हणून पृष्ठभागावर आधी पीएसए पकडणारी प्रतिपिंडे बसवतात आणि उरलेल्या जागेवर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर देतात, म्हणजे इतरांना टेकता येत नाही. पुष्कळदा सोन्याच्या कणांवर ठळक वर्णपटाचा रंग आणि दुसरे प्रतिपिंड लावून ते पीएसएवर चढवतात. मग लेसर प्रथिनाऐवजी त्या रंगाला वाचतो.

हे माझ्या मते थोडे मन मोडणारे आहे, पण जास्त भरवशाचे. ‘रक्ताच्या थेंबावरून कॅन्सर’ अशी बातमी आली की मी आधी पृष्ठभाग कोणता होता आणि त्यावर थेंब किती वेळ ठेवला, हे शोधतो. चांदीच्या कणांचा घाणा बदलला, तर तोच थेंब वेगळा वर्णपट देऊ शकतो.