छपरांची भागीदारी : कॅटलोनियातील सामायिक जाळे आणि घरातील उपकरणांची मांडणी

भागीदारीतील पेढी कशावर टिकते, हे व्यापारी घराण्यांना सांगावे लागत नाही. भांडवल कोणी किती घातले, माल कोणी किती उचलला आणि वर्षअखेर येणे-देणे कसे मिटवले, या तीन प्रश्नांची उत्तरे वहीत स्वच्छ असली की भागीदार तीन पिढ्या एकत्र राहतात. ती धूसर झाली की सख्खे भाऊही वेगळे होतात. स्पेनच्या ईशान्येस असलेल्या कॅटलोनिया प्रांतात हेच तीन प्रश्न एका अनपेक्षित व्यवहारात सोडवले गेले आहेत. तेथे हजारो घरांनी आपापल्या छपरावर लहानशी अँटेना बसवून एक बिनतारी जाळे उभारले. त्या जाळ्याचे नाव ‘गिफी डॉट नेट’. ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही, शासनाच्या मालकीचेही नाही. असे जाळे घरापर्यंत कसे येते आणि ते घरात घेताना गृहस्थ नेमकी कोणती जबाबदारी पत्करतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

शेतवाड्यांची अडचण

बार्सिलोना शहराच्या उत्तरेस ओसोना नावाचा पठारी मुलूख आहे. विक हे त्याचे मुख्य गाव आणि त्याला लागूनच गुर्ब. या भागात दगडी बांधणीचे जुने शेतवाडे एकमेकांपासून दूर, शेतांमध्ये विखुरलेले आहेत. एकेका वाड्यापर्यंत तार ओढण्याचा खर्च आणि त्यातून येणारे मासिक उत्पन्न यांचा मेळ दूरसंचार कंपन्यांच्या हिशेबात बसत नव्हता. २००४ च्या सुमारास शहरांत वेगवान इंटरनेट रुळले होते. गावकुसाबाहेर मात्र ते कधी येईल, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

गुर्बचे रहिवासी असलेले संगणक अभियंता रामोन रोका आणि त्यांचे काही शेजारी यांनी त्या वर्षी वेगळा मार्ग धरला. घरात वापरले जाणारे वाय-फायचे साधे राउटर घेऊन त्यांना छपरावरील दिशादर्शी अँटेना जोडली, तर तोच संदेश काही किलोमीटर अंतर ओलांडू शकतो. या लहरींच्या वापरासाठी स्वतंत्र परवाना लागत नाही. एका वाड्याने दुसऱ्याला जोडले, दुसऱ्याने तिसऱ्याला. पुढे २००८ मध्ये या जाळ्याच्या देखरेखीसाठी ना-नफा तत्त्वावरील प्रतिष्ठान स्थापन झाले आणि २००९ पासून गुर्बमधील शेतवाड्यांपर्यंत शेजाऱ्यांनीच प्रकाशीय तंतूंची केबल नेण्यास आरंभ केला. आज या जाळ्यात ३५,००० हून अधिक बिंदू जोडलेले आहेत आणि त्यांतील बहुतेक कॅटलोनियातच आहेत.

आधी नजर, मग यंत्र

नवे घर जोडताना पहिले काम खरेदीचे नसते, पाहण्याचे असते. जाळ्याचा नकाशा सर्वांना खुला आहे. आपल्या घराच्या आसपास कोणता मोठा बिंदू आहे, म्हणजे अनेक घरांना जोडून घेणारे छप्पर, टेकडी वा मनोरा कोठे आहे, हे त्यावर शोधावे लागते. मग छपरावर चढून तो बिंदू प्रत्यक्ष दिसतो का, हे पाहावे लागते. या लहरी भिंत, टेकडी किंवा दाट झाडी भेदून फार पुढे जात नाहीत.

केवळ दिसणेही पुरेसे नसते. दोन अँटेनांच्या मधला संदेश ताणलेल्या दोरीसारखा सरळ रेषेत जात नाही. मध्यभागी फुगलेल्या लांबट फुग्यासारखी जागा तो व्यापतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी दोन किलोमीटर अंतरावर या फुग्याची मध्यावरील त्रिज्या पाच मीटरांच्या आसपास भरते. तिच्यापैकी निदान साठ टक्के भाग, म्हणजे रेषेच्या भोवती सुमारे तीन मीटर जागा, मोकळी असली पाहिजे. हिवाळ्यात पानगळ झालेल्या झाडांमधून समोरचा मनोरा स्वच्छ दिसतो, जोडणी उत्तम चालते. वसंतात पालवी फुटली की तीच जोडणी रखडू लागते. म्हणून अनुभवी कार्यकर्ते मधल्या झाडांची उंची आधी विचारतात.

जागा निश्चित झाली की घराची नोंद नकाशावर करायची. नोंदीबरोबर जाळ्यातील अंकीय पत्ता मिळतो आणि हे घर कोठे, कोणाला जोडले जाणार, हे सर्वांना दिसते. गुप्त जोडणी या व्यवस्थेत बसत नाही. भागीदाराचे नाव पेढीच्या वहीत चढण्याचाच हा प्रकार आहे.

छपरापासून दिवाणखान्यापर्यंत

लागणारे साहित्य थोडे आहे. बाहेर बसवायचे, रेडिओ आणि अँटेना एकत्र असलेले यंत्र. उन्हापावसात टिकणारी लॅन केबल. घरातील वीजपुरवठ्याचा छोटा अडॅप्टर. आणि आतील नेहमीचा वाय-फाय राउटर. युबिक्विटी व मायक्रोटिक या कंपन्यांची यंत्रे अशा जाळ्यांत सर्रास वापरली जातात. छपरावरील असे छोटे यंत्र आठ वॉटच्या आसपास वीज घेते, म्हणजे एखाद्या एलईडी दिव्याइतकी.

या यंत्राला छपरावर वेगळा प्लग लागत नाही. घरातील अडॅप्टर लॅन केबलमधूनच वीज वर पाठवतो आणि त्याच केबलमधून माहिती खाली येते. अडॅप्टरला दोन खाचा असतात : एक वरच्या यंत्राकडे जाणारी, दुसरी घरातील राउटरकडे जाणारी. नवखे लोक हमखास चुकतात ते येथेच. वीज वाहणाऱ्या खाचेची केबल राउटरला लागली तर राउटर जळण्याचा धोका असतो. म्हणून दोन्ही केबलींवर चिठ्ठ्या चिकटवून मगच स्विच सुरू करावा. केबलची लांबी शंभर मीटरच्या आत ठेवावी.

छपरावर लोखंडी पाइप भक्कम रोवून त्यावर यंत्र कसायचे. वाऱ्याने पाइप थोडा जरी फिरला तरी दूरचा नेम चुकतो. केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळत घरात न येता झोळाच्या तळाशी गळून पडते. पाइपला अर्थिंग करावे आणि आभाळ गडगडत असताना छपरावर जाऊ नये. हे काम दोघांनी मिळून करायचे असते : एक वर यंत्र हळूहळू फिरवतो, दुसरा खाली पडद्यावरील आकडा वाचतो. संदेशाची शक्ती ऋण आकड्यांत दाखवतात. उणे साठच्या आसपास आकडा आला तर जोडणी उत्तम, उणे ऐंशीकडे सरकला तर कमकुवत.

यंत्रातील मांडणीची कटकट कमी करण्यासाठी या जाळ्याने एक सोय केली आहे. ‘उन सोल क्लिक’ या कॅटलान शब्दांचा अर्थ ‘एकच क्लिक’. नकाशावरील नोंदीवरून घराचा पत्ता, समोरच्या बिंदूचे नाव आणि इतर तपशील भरलेली तयार आज्ञावली मिळते. ती यंत्रात उतरवली की बहुतेक काम उरकते. संगणकशास्त्र न शिकलेला शेतकरीही जाळ्यात येऊ शकला, त्यात या सोयीचा वाटा मोठा आहे.

जाळे आणि इंटरनेट

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. जाळ्यात शिरणे आणि इंटरनेट मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँटेना जुळली की घर इतर घरांशी जोडले जाते. पण बाहेरच्या जगाकडे उघडणारे दार कोणीतरी द्यावे लागते. आरंभी ज्यांच्याकडे इंटरनेटची जोडणी होती अशा व्यक्तींनी व संस्थांनी तिचा काही भाग मध्यस्थ संगणकांद्वारे इतरांसाठी खुला केला. पुढे छोटे व्यावसायिक पुरवठादार या जाळ्यावरून शुल्क घेऊन इंटरनेट देऊ लागले. कंपनीने घरापर्यंत नेलेल्या तारेवर सहसा त्या कंपनीचाच माल येतो. येथे रस्ता सर्वांचा असतो आणि त्यावरून अनेक व्यापारी आपला माल नेतात. त्यामुळे पुरवठादार बदलण्यासाठी छपरावरील यंत्र काढावे लागत नाही.

वही कोण लिहितो?

सर्वांचा रस्ता म्हटला की पुढचा प्रश्न व्यापारी मनात आपोआप उभा राहतो : खर्च कोणाचा? कॅटलोनियातील उत्तर दोन पायऱ्यांचे आहे.

पहिली पायरी करारनाम्याची. जाळ्यात येणारा प्रत्येक जण एक सामायिक परवाना मान्य करतो. इतरांच्या वापराला बाधा न आणता जाळे कोणत्याही कामासाठी वापरावे. त्याची रचना जाणून घेण्याचा सर्वांना अधिकार असावा. आणि नव्याला याच अटींवर आपल्या बिंदूतून पुढे जोडू द्यावे, असा त्याचा आशय आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेले यंत्र स्वतःचेच राहते, पण त्यातून जाणारी वाट सामायिक होते.

दुसरी पायरी हिशेबाची. जाळ्यावर धंदा करणाऱ्या पुरवठादारांपैकी कोणी मनोऱ्यात पैसे घालतो, कोणी केबलमध्ये. काही जण गुंतवणूक कमी करून वापर मात्र भरपूर करतात. प्रतिष्ठान प्रत्येकाची गुंतवणूक आणि प्रत्येकाचा वापर यांची नोंद ठेवते. वापराच्या प्रमाणात ज्याचा भरणा कमी, त्याच्या नावे देणे निघते. ज्याचा अधिक, त्याला येणे. ही पद्धत नसती तर मेहनत एकाची आणि नफा दुसऱ्याचा, अशी तक्रार होऊन जाळे कधीच विस्कटले असते. सद्भावनेला जमाखर्चाची जोड मिळाली, म्हणून ती टिकली.

एका घराची हयगय, दहा घरांचा खोळंबा

तरीही या व्यवस्थेचा कस लागतो तो वहीत नव्हे, छपरावर. मोठ्या बिंदूवरील एका अँटेनेला अनेक घरे जोडलेली असतात आणि सर्वांना बोलण्यासाठी एकच वेळ वाटून घ्यावा लागतो. ज्या घराची अँटेना नीट नेम धरून बसवली आहे, ते आपला निरोप क्षणात देऊन बाजूला होते. ज्याची तिरकी आहे वा झाडाआड आहे, ते तोच निरोप सावकाश आणि पुन्हा पुन्हा देत राहते. तेवढा वेळ बाकीची घरे थांबून असतात. म्हणजे एका घराने आळसाने तसाच सोडलेला नेम त्याच्या शेजाऱ्यांच्या मुलांचा अभ्यास आणि दुकानदाराची मागणीपत्रे रखडवतो, आणि दोष कोणाचा हे त्यांना कळतही नाही.

याहून मोठा प्रश्न मधल्या छपराचा. ज्या घरातून पुढची घरे जोडली गेली आहेत, तेथील गृहस्थ सुटीवर जाताना मुख्य स्विच बंद करून गेला, घर विकले गेले, किंवा नव्या मालकाला पाइप नकोसा झाला, तर मागची सारी घरे अंधारात जातात. उपाय दोन आहेत. महत्त्वाच्या बिंदूला दोन दिशांनी जोडणी द्यावी, म्हणजे एक वाट तुटली तरी दुसरी उरते. आणि छोट्या बॅटरीवर यंत्र काही तास चालेल अशी सोय ठेवावी. पण दुसरी वाट उभारण्याचा खर्च आज कोणाच्याच वेगावर दिसत नाही, म्हणून तो टाळला जातो. वादळ येऊन गेल्यावर त्याची किंमत कळते.

भारतातील वाटा

भारतात या विचाराची बीजे पडलेली आहेत. डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशन आणि इंटरनेट सोसायटी यांनी २०१० मध्ये मध्य प्रदेशातील चंदेरी येथे बिनतारी सामुदायिक जाळ्याचा उपक्रम सुरू केला. चंदेरी साड्यांच्या विणकरांचे ते गाव. पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींतून खेड्यांपर्यंत जोडणी नेण्याचे प्रयोग केले.

मात्र कॅटलोनियाची नक्कल येथे जशीच्या तशी करता येत नाही. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या लहरी घराबाहेरील वापरासाठीही मोठ्या प्रमाणात परवानामुक्त झाल्या. पण लहरी मोकळ्या होणे वेगळे आणि इतरांना इंटरनेट विकण्याची मोकळीक मिळणे वेगळे. त्या सेवेला परवाना लागतो. दुकानदारांसाठी खुली असलेली वाट म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली ‘पीएम-वाणी’ योजना. तिच्यात किराणा वा कापडाचा दुकानदार आपल्या दुकानातून सार्वजनिक वाय-फाय देऊ शकतो. त्याला स्वतःला परवाना, नोंदणी वा शुल्क लागत नाही, त्यासाठी नोंदणी केलेल्या मध्यस्थ संस्थेशी मात्र जोडून घ्यावे लागते.

वाट कोणतीही असो, आपल्या छपरावर सामायिक यंत्र बसवण्यापूर्वी घरातील कर्त्यांनी एकत्र बसून काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. समोरचा बिंदू वर्षभर दिसतो का. आपल्यामागे कोणती घरे जोडली जाणार आहेत. यंत्राची वीज व दुरुस्ती कोणाच्या खात्यावर पडेल. आणि घर बंद असताना छपराची किल्ली कोणाकडे राहील. गुर्बच्या शेतवाड्यांनीही आरंभ याच प्रकारच्या बोलण्यापासून, शेजाऱ्याच्या दारात उभे राहून केला होता.