पोच दिल्याशिवाय विक्री पुरी नाही
(लेखमाला : आपल्या गावातून आपलं ॲप – भाग 9)

गेल्या आठवड्यात आपण प्ले कन्सोलमध्ये 100 रुपयांचा ‘भौतिकशास्त्र सराव संच’ विक्रीला ठेवला. आज तो विकायचा आहे.

समजा, औशाची एक मुलगी नीटच्या शिकवणीसाठी रोज एसटीने लातूरला जाते. वीसेक किलोमीटरचा रस्ता. बसल्या बसल्या ती संच घेते, यूपीआयचा पिन टाकते आणि नेमकी तेव्हाच रेंज जाते. खात्यातून पैसे कटले, संच मात्र कुलूपबंद. ग्राहकाचा ॲपवरचा विश्वास उडतो तो इथेच, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

नवखा प्रोग्रामर ‘खरेदी यशस्वी’ असा निरोप फोनवर आला की लगेच संच उघडून देतो. हे चूक आहे. फोनवर आलेला निरोप बनावटही असू शकतो. आडत बाजारात सोयाबीन घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, हातातली पट्टी आणि अडत्याची वही जुळल्याशिवाय हिशेब मिटत नाही. निरोपासोबत येणारं परचेस टोकन ही आपली पट्टी. ती ॲपने आपल्या सर्व्हरकडे पाठवायची आणि सर्व्हरने थेट गूगलला विचारायचं, हा व्यवहार खरा का, पैसे आले का? होकार आला की टोकन त्या मुलीच्या खात्यावर नोंदवायचं आणि मग संच उघडायचा. तेच टोकन पुन्हा आलं, तर ती नवी खरेदी धरायची नाही.

यानंतरची पायरी बरेच जण विसरतात. माल दिल्याची पोच, म्हणजे ॲक्नॉलेज, गूगलला कळवावी लागते. 3 दिवसांत ती मिळाली नाही, तर गूगल ग्राहकाचे पैसे आपोआप परत करतं आणि खरेदी रद्द होते. मला ही अट अगदी रास्त वाटते. माल न देता पैसे दाबून बसायची सोयच त्यात उरत नाही. खेळातल्या नाण्यांसारखी संपणारी वस्तू असेल, तर ती ‘कन्झ्युम’ केली की वेगळी पोच लागत नाही.

व्यवहार ‘पेंडिंग’ दिसला, तर संचही द्यायचा नाही आणि पोचही नाही. ‘पैसे पोहोचले की संच उघडेल’ एवढं स्वच्छ मराठीत सांगायचं. 3 दिवसांची मुदत व्यवहार पुरा झाल्यावरच सुरू होते.

आता बसमधली मुलगी. ॲप उघडेल किंवा पुन्हा समोर येईल, त्या प्रत्येक वेळी गूगलकडून तिच्या खरेदीची यादी मागवा. रेंज आली की राहिलेलं टोकन त्या यादीत सापडेल आणि लातूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत तिचा संच उघडलेला असेल.

हे सगळं गूगलमार्फतच कशाला, असं पुष्कळांना वाटतं. छापील पुस्तक घरपोच पाठवणार असाल, तर प्ले बिलिंग, म्हणजे गूगलची पैसे घेण्याची सोय, लागत नाही. ॲपमध्येच वापरायच्या डिजिटल वस्तूंना मात्र गूगलचे नियम लागू होतात. त्यावरून भारतात मोठा वाद झाला. ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला 936.44 कोटींचा दंड केला. मार्च 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो 216.69 कोटींवर आणला. मधल्या काळात, 1 मार्च 2024 रोजी, शुल्काच्या वादात शादी डॉट कॉम आणि कुकू एफएमसारखी ॲप्स प्ले स्टोअरवरून उतरवली गेली आणि काही दिवसांत परत आली. आयोगाच्या निर्णयानंतर दुसरी पैसे भरण्याची सोय शेजारी ठेवायला वाव मिळाला, पण त्यावरही शुल्क आहेच. पहिल्या ॲपसाठी मी प्ले बिलिंगच सुचवेन.

आठवडाभराचं काम : स्वतःचा ईमेल कन्सोलमध्ये लायसन्स टेस्टर म्हणून जोडा. चाचणीच्या कार्डावर संच घ्या आणि लगेच फोन फ्लाइट मोडवर टाका. टेस्टरच्या खरेदीला पोचेची मुदत 3 दिवसांची नसते, 3 मिनिटांची असते. त्यामुळे तुमचा कोड कुठे अडतो, ते चहा निवायच्या आत कळेल.