सागरी लाटांचा उतार आणि रडार
लाटेची उंची व तिच्या पृष्ठाचा उतार या भिन्न राशी होत. कॉक्स व मंक यांनी १९५४ मध्ये समुद्रावरील सूर्यप्रकाशाच्या चकाकीच्या विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून उतार निश्चित केले. परंतु ही पद्धत ढगांपुढे निष्प्रभ ठरते. रडारने जवळजवळ सरळ खाली सोडलेली रेडिओलहर मुख्यतः तिच्याशी काटकोन करणाऱ्या लाटापृष्ठांवरूनच परतते. आपातकोन वाढताना हा प्रतिध्वनी जितका मंदगतीने क्षीण होतो, तितका उतारांचा वर्गमाध्य अधिक असतो. २०१८ मध्ये प्रक्षेपित झालेल्या चीन-फ्रान्स यांच्या सीएफओसॅट उपग्रहावरील ‘स्विम’ रडारात याकरिता ० ते १० अंशांचे सहा झोत योजले गेले. मात्र सुमारे २.२ सेंटीमीटर तरंगलांबीच्या या रडारला त्याहून सूक्ष्म तरंगांचे उतार गवसत नाहीत. परिणामी त्याचा आकडा प्रकाशीय मापनापेक्षा कमी भरतो. म्हणून तरंगलांबीच्या निर्देशाविना उताराचे मूल्य अपूर्णच होय.