‘अ’ कुठे गळतो, कुठे टिकतो?

‘वडनेर भोलजी’ हे नांदुरा तालुक्यातलं नाव आपण ‘वड्नेर् भोल्जी’ असं उच्चारतो. ड, र, ल यांतला ‘अ’ लिपीत असतो, बोलण्यात नसतो. ‘अ’ म्हणताना जीभ तोंडाच्या मध्यभागी सैल राहते, ओठ गोल होत नाहीत. बंगाली, ओडियात मात्र ते गोलावतात. ओडिया तर शब्दाच्या शेवटचा ‘अ’ही सहसा टिकवते. मग मराठीतली ही गळती म्हणजे गबाळा उच्चार का? मुळीच नाही, कारण तिला नियम आहे. ‘कमळ’मधला ‘म’ पूर्ण उच्चारला जातो, तर ‘कमळाला’ म्हणताना त्याच ‘म’मधला ‘अ’ गळतो. शिवाय अर्थाला गरज असते तिथे हाच स्वर ठाम उभा राहतो: ‘घर’ आणि ‘घरं’ यांतलं एकवचन-अनेकवचन शेवटच्या लांबट ‘अ’वरच ठरतं.