पाया भरायच्या दिवशी घरमालकीण कुठं असावी?

मैत्रिणींनो, सुगी उरकली की गावागावात घरांची कामं निघतात. कुणाचं घरकुल मंजूर झालेलं असतं, कुणी गटाचं कर्ज काढून दोन खोल्या वाढवत असतं. पायाचा मुहूर्त आपण साग्रसंगीत करतो. हळद-कुंकू वाहतो, नारळ फोडतो, गूळ-खोबरं वाटतो. आणि मग घरची बाई आत चहाला लागते, ती काँक्रीट पडून संपेपर्यंत बाहेर येत नाही.

भिंत वाकडी झाली तर दिसते. रंग उडाला तर पुन्हा देता येतो. पाया मात्र एकदा मातीखाली गेला की त्यात काय घातलंय ते कुणालाच दिसत नाही. कर्जाचा हप्ता गटात तुम्ही भरणार, घरकुलाच्या कागदावर नावही बहुतेक वेळा तुमचं किंवा दोघांचं असतं. तेव्हा त्या दिवशी चहा दुसऱ्या कुणाला तरी करू द्या आणि तुम्ही खड्ड्यापाशी थांबा.

आधी माती. मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूरकडच्या बायकांना काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि पावसात तीच माती फुगून येते. शेतात हे चालतं, घराखाली चालत नाही. माती वर-खाली झाली की जोता उचलला जातो, आणि भिंतीला दाराच्या-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. म्हणून काळी माती ओलांडून मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणायचं. "तीन फूट बास झाले" हे वाक्य ऐकून गप्प बसू नका. तळाला काय लागलंय ते उतरून बघा. मुरूम फारच खोल असेल तर अभियंत्याला विचारा. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी खाली कांद्यासारखा फुगीर भाग असलेले खांब शोधून काढलेत, ते अशा ठिकाणी कामी येतात. कोकणात जांभ्यावर घर असेल तर हा त्रास नाही. खणलेला खड्डा मात्र आठ-आठ दिवस उघडा ठेवू नका. तळ सुकतो, नाहीतर पाणी साचून मऊ पडतो.

तळ धुम्मसानं चोपून झाला की चारेक इंच साधं काँक्रीट टाकतात, त्याला गवंडी पीसीसी म्हणतात. त्यावर सळईची जाळी. ही जाळी थेट पीसीसीवर टेकवायची नाही. खाली २ इंचांचे कव्हर ब्लॉक हवेत, म्हणजे सळईच्या सगळ्या बाजूंनी काँक्रीट बसतं आणि ओल सळईपर्यंत पोचत नाही. गंजलेली सळई फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते. सळई किती जाडीची, किती अंतरावर, हे मात्र अभियंताच ठरवील. घरकुल असेल तर पंचायत समितीतल्या गृहनिर्माण अभियंत्याला हक्कानं विचारा.

आता माप. पायाच्या आणि खांबांच्या काँक्रीटला एम-२० म्हणतात ते मिश्रण लागतं: एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटर जागा घेते. तुमच्याकडचं घमेलं पाण्यानं भरून किती लिटरचं आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवा. नऊ लिटरच्या आसपास असेल तर चार घमेली म्हणजे एक गोणी. मग एका गोणीला वाळू ६ घमेली, खडी १२ घमेली. घमेलं सपाट भरलेलं हवं. सकाळी सपाट असलेलं घमेलं दुपारी शीग लावून येतं, आणि सिमेंट तेवढंच राहतं! तिथं लक्ष ठेवा.

वाळूत माती असेल तर सगळं माप फुकट. काचेच्या बाटलीत अर्धी वाळू आणि वर पाणी घालून हलवा, दोन-तीन तास ठेवा. गाळाचा थर वर वेगळा बसतो. तो वाळूच्या शंभर भागांना आठ भागांपेक्षा जास्त दिसला तर वाळू धुऊन घ्या किंवा परत पाठवा.

पण सगळ्यात जास्त नासाडी करतं ते पाणी. पातळ काँक्रीट ओढायला सोपं, पटकन पसरतं, म्हणून मिस्त्री पाईप सोडून देतो. एका गोणीला २५ ते २७ लिटर पाणी पुरे, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. घट्ट होण्यासाठी सिमेंटला यातलंही सगळं पाणी लागत नाही. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे बारीक बारीक छिद्रं राहतात. भाकरीच्या पिठात पाणी जास्त झालं तर आपण मूठभर पीठ घालून सावरतो. इथं तसं सावरता येत नाही. म्हणून पाईप बाजूला, बादली हातात. "ताई, लई घट्ट होतंय," असं म्हटलं तर सळईनं नीट खोचून किंवा व्हायब्रेटर लावून बसवायला सांगा. कालवलेलं काँक्रीट अर्ध्या-पाऊण तासात खड्ड्यात पडलं पाहिजे. जेवणाच्या सुट्टीनंतर वाळत आलेल्या मालात पाणी मारून तो वापरू देऊ नका.

पाणी नंतर मारायचं. दुसऱ्या दिवसापासून गोणपाट अंथरून, ते सतत ओलं ठेवून. साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, पीपीसीला १० दिवस, आणि कडक उन्हात त्याहून जास्त. गोणीवर पीपीसी छापलेलं असतं, बघून घ्या. घरकुलात जोत्याचा फोटो चढल्यावर पुढचा हप्ता मिळतो, म्हणून हे दिवस खाल्ले जातात. घाई समजते, पण हप्ता आठ दिवसांनी आला तरी चालतो.

जोत्यात भर घालताना खड्ड्यातून निघालेली काळी माती परत ढकलू नका. मुरूम आणा, थराथरानं पाणी मारून चोपा.

"बाईला काय कळतंय बांधकामातलं?" असं कुणी म्हणेलच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात महिला मंडळांतल्या बायकांनाच संवाद सहायक नेमलं होतं. अभियंता काय सांगतो ते घरमालकांना त्या समजावून देत होत्या.

एकटीला बोलायला अवघड वाटत असेल तर गटातल्या दोघींना त्या दिवशी बोलवा. एकीनं घमेली मोजायची, दुसरीनं पाण्याच्या बादल्या. आणि काँक्रीट पडण्याआधी खड्ड्याचा, जाळीचा, कव्हर ब्लॉकचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. टेप खड्ड्यात सोडून, आकडा वाचता येईल असा.