दांडा फिरवून हिशेब: यांत्रिक गणनयंत्रे

जाती दोन: बेरजेचे यंत्र मुख्यतः मिळवते. ऑडनर पद्धतीचे यंत्र दांडा फिरवून गुणते. उलटा फिरवला की वजाबाकी, आणि तीच पुन्हा पुन्हा केली की भागाकार. वजाबाकी शून्याखाली गेली की घंटी वाजते.

सनावळी: पास्कलचे यंत्र 1642. टॉमसच्या गणनयंत्राचे पेटंट 1820. ऑडनर पद्धतीचे ब्रुन्सविगा यंत्र 1892. मुठीत मावणारे कुर्टा 1948.

निपाणीच्या तंबाखू पेठेचा हिशेब: 40 शेरांचा मण, 16 आण्यांचा, म्हणजेच 192 पैंचा रुपया. दशमान यंत्रावर आण्याचे आधी 0.0625 रुपये करावे लागत. दशमान नाणी 1 एप्रिल 1957 पासून. त्यामुळे आणे-पैचे रकाने असलेले यंत्र त्याआधीच्या व्यवहारासाठीचे.

‘पुरातन’ कधी? 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार साधारणपणे 100 वर्षे पुरी झाल्यावर. अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

किंमत ठरते: अनुक्रमांक, मूळ रंग, झाकण, चालू स्थिती यांवर.

दुरुस्ती: दांडा अडला तर जोर लावू नये, बहुधा जुने तेल घट्ट झालेले असते. तुटलेले दातेरी चाक बेळगावच्या उद्यमबागेसारख्या यंत्रशाळांच्या वस्तीत नमुन्यावरून करून घेता येते.

चाचणी: 12345679 लावा, दांडा 9 वेळा फिरवा. खिडकीत नऊ एक्के दिसले पाहिजेत.